फुटला की नाही फुटला: एका घणाची जबानी

मी एक जुना घण आहे, मित्रांनो, पण लोहाराच्या घणाशी माझं लांबचंही नातं नाही. तो मारतो. मी नुसता पडतो. आयुष्यभर मी एकच काम केलं: वर जायचं, सोडलं की खाली यायचं, आणि खाली आल्यावर काय झालं ते दुसऱ्या कोणी तरी वहीत लिहायचं. अशा चार लाख अकरा हजार सहाशे दोन उड्या झाल्या. आकडा खोटा वाटत असेल तर वह्या काढून बघा. मोजण्यात मी कधी आळस केला नाही.

हल्ली मी एका कारखान्याच्या लांब व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या दोन उभ्या दांड्यांपैकी डावीवर पहारेकरी आपली छत्री अडकवतो. शाळेची मुलं कारखाना बघायला आली की त्यांना फिरवणाऱ्या बाई माझ्याकडे हात करून म्हणतात, "हे एक जुनं यंत्र," आणि तशाच पुढे जातात. कशाचं यंत्र, हे त्यांनाही ठाऊक नाही, म्हणून त्या इतक्या भराभर चालतात. आज तुम्ही दोन मिनिटं थांबलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं पोलाद साच्यात ओतलं, थंड केलं आणि लेथवर चढवलं. एक म्हातारा कारागीर मला कणाकणाने तासत होता. मी बरोबर पाच किलो भरायला हवा होतो. पहिल्यांदा चार ग्रॅम जास्त भरलो, तेव्हा तो माझ्या कमरेला थोपटून म्हणाला, "जेवण जरा जास्तच झालंय लेकाला." दुसऱ्यांदा काटा बरोबर मध्यावर थांबला. त्यानंतर माझं वजन कधी हललं नाही. असं सांगू शकणारी माणसं मला फारशी भेटली नाहीत.

आमच्या कारखान्यात जहाजांसाठी इशाऱ्याच्या ज्योती बनत. भर समुद्रात जहाज अडचणीत आलं की खलाशी एका नळीची दोरी ओढतो आणि आभाळात लाल उजेडाचा गोळा चढतो. हा उजेड ज्या पुडीतून निघतो, ती पूड म्हणजे पोटात आग घेऊन गप्प बसलेलं माणूसच समजा. ते कशाने चिडेल? उन्हाने? घासल्याने? डबा हातातून निसटल्याने? निसटला, तर किती उंचीवरून? हे आधी कळलं नाही, तर ती पूड चाळणाऱ्या आणि नळीत दाबून भरणाऱ्या माणसांनी कशाच्या भरवशावर तिला हात लावायचा? म्हणून कारखान्यात दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या. एकीत पुडीला ताप देऊन बघत, दुसरीत मार देऊन. मार देणारा मी.

माराची रीत साधी होती. माझ्या खाली ऐरण. ऐरणीवर काडेपेटीतल्या काडीच्या टोकाएवढा नमुना. नमुन्यावर एक लहानसा पोलादी दट्ट्या. मला ठरलेल्या उंचीवर चढवायचं, जाड काचेच्या आडोशाला जायचं आणि दोरी ओढायची. मी दट्ट्यावर पडे. आवाज झाला, तर वहीतल्या "फुटला" या रकान्यात फुली, आणि पुढच्या वेळी मी एक पायरी खाली. आवाज झाला नाही, तर "नाही फुटला" या रकान्यात फुली, आणि मी एक पायरी वर. दर वेळी नवा नमुना, दर वेळी ऐरण पुसायला नवा कागद. अशा पंचवीस उड्या झाल्या की माझी ये-जा आपोआप एका उंचीच्या आसपास होऊ लागे. त्या उंचीवर पूड निम्म्या वेळा फुटते, निम्म्या वेळा नाही. तोच तिचा आकडा. आकडा मोठा, तर पूड सोशिक. आकडा लहान, तर रागीट.

इथे मला पहिलं कुतूहल वाटलं, आणि ते वर्षानुवर्षं काही जाईना. पूड एकाच डब्यातली, उंची तीच, पडणारा मी तोच. मग एकदा फुटते आणि पुढच्या वेळी ढिम्म राहते, हे कसं? मी पडता पडता याचाच विचार करत असे. विचाराला वेळ फार मिळत नसे. चाळीस सेंटिमीटर म्हणजे असून असून किती?

याचं उत्तर मला शेजारच्या खोलीतल्या भट्टीबाईंनी दिलं. त्या तापाचं काम बघत, म्हणून सगळे त्यांना भट्टीबाई म्हणत. पस्तिशीच्या, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, आणि तोंडात कायम "पण का?" त्यांची भट्टी होती एवढीशी. आत चण्याएवढ्या दोन डब्या. एकीत पुडीचा कण, दुसरी रिकामी. दोघींना सारखीच ऊब हळूहळू द्यायची आणि भरलेली डबी रिकाम्या डबीपेक्षा कधी जास्त तापते, ते बघायचं. जास्त तापली की समजायचं, आता पूड स्वतःच्या आगीवर चालू लागली.

"मार म्हणजे शेवटी तापच की," त्या एकदा माझ्यासमोर कोणाला तरी समजावत होत्या. "दाण्यांच्या फटीत हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला असतो. वरून दणका बसला की तो दबतो आणि तेवढ्यापुरता भयंकर तापतो. सायकलच्या पंपाचं तोंड तापतं ना, तसा. बुडबुडा कुठे बसलाय, केवढा आहे, हे दर चिमटीत वेगळं. म्हणून एकदा फुटतं, एकदा नाही."

ऐकून माझा जीव भांड्यात पडला. दोष माझा नव्हता.

आता ज्याच्यासाठी ही सगळी गोष्ट सांगतोय, त्याच्याकडे येतो. मला चढवणारा, दोरी ओढणारा आणि फुल्या मारणारा माणूस चौतीस वर्षं एकच होता. त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणी घेत नसे. सगळे त्याला कानसेन म्हणत. तेविसाव्या वर्षी तो आला तेव्हा त्याने कानात घालायला कापूस मागितला होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, "कापूस घालून बसलास तर ऐकणार कोण? घण?" सगळे हसले. त्याने कापूस परत ठेवला. त्या हसण्याचं पुढे काय झालं, ते त्या साहेबांना कधी कळलं नाही. ते वेळेवर निवृत्त झाले.

पण कान होता हं! दोरी ओढायच्या आधी तो डोळे मिटी, मान डावीकडे कलती करी, आणि मी पडलो की नुसत्या आवाजावरून सांगे, "अर्धाच फुटला," किंवा "पुडीत ओल आहे." पाहुण्यांना आणून साहेब म्हणत, "हा आमचा घण, आणि हे आमचे कान." दुसऱ्या कारखान्यांतून नमुने येत. मला दर महिन्याला तेल मिळे. दर वर्षी माझ्यासाठी नवी दोरी येई. ते आमचे सोन्याचे दिवस.

माणसं पारखायचा छंद मला तिथेच लागला. काचेआडून मला सगळ्यांचे चेहरे दिसत. माझ्या पडण्याआधी कोण डोळे मिटतं, कोण खांदे आवळतं, कोण न घाबरल्याचं दाखवायला उगीच जांभई देतं, ते मी मनात टिपून ठेवी. शेवटच्या काळात आलेले मोठे साहेब मी हूकमधून सुटायच्या आधीच कानात बोटं घालत. त्यांना सगळ्याचीच घाई असे, म्हणून त्यांचं नाव घाईसाहेब पडलं होतं. प्रश्न विचारून उत्तराच्या आत ते पुढच्या खोलीत पोचलेले असत.

कानसेनची बायको आमच्याच कारखान्यात दाबघरात कामाला होती. भट्टीबाई त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणतो. काकू ज्योतीच्या नळ्यांत पूड दाबून भरत. जेवणाची घंटा झाली की त्या रोज आमच्या दाराशी येत आणि कानसेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "चला." सगळा कारखाना त्यावरून थट्टा करी. "एवढी वर्षं झाली लग्नाला, अजून बोलवायला येते!" कानसेन वरवर चिडे आणि आतून खूश होई. हे मी नेमकं सांगू शकतो, कारण काकू गेल्यावर तो माझी कमर जरा जास्तच घासून पुसत असे.

मग नवी पूड आली.

ती जास्त लाल जळे, धुक्यातूनही दिसे. घाईसाहेब तिच्यावर जाम खूश होते. पण तिचा आकडा ठरायचा होता, आणि त्या आकड्यावर एक मोठी गोष्ट अवलंबून होती. दाबघराचा नियम असा होता: आकडा पंचेचाळीसच्या खाली असेल, तर नळ्या काँक्रीटच्या भिंतीमागे भरायच्या, लांब दांड्याने, आरशात बघून. एका नळीला चार मिनिटं लागत. आकडा पंचेचाळीसच्या वर गेला, तर उघड्या टेबलावर, हाताने. एका मिनिटात नळी तयार.

पहिल्याच दिवशी मी छत्तीसवरून पडलो आणि मला खालून लाथ बसली. मित्रांनो, हे फक्त मलाच कळतं. नमुना फुटला की दट्ट्या मला वर ढकलतो, थोडासाच, पण साफ. मी वाट बघत राहिलो. कानसेनने मान कलती केली, क्षणभर थांबला आणि "नाही फुटला"मध्ये फुली मारली.

मला वाटलं, चुकला असेल. माणूस आहे. मला एक पायरी वर चढवलं. पुन्हा लाथ. पुन्हा "नाही फुटला." आणखी वर. नवी पूड जुनीसारखी "धाड" करत नव्हती. तिचा आवाज बारीक आणि उंच होता, काचेवर नखाची टिचकी मारावी तसा. जुन्या पुडीचा जाड आवाज कानसेनला अजून स्पष्ट ऐकू येई. रोज सकाळी ओळखीच्या जुन्या पुडीने माझी तपासणी होई, त्यात सगळं ठीक निघे. बारीक आवाज मात्र त्याच्या कानांतून केव्हाच निघून गेले होते. कधी आणि कसे, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते कान माझ्याच पायाशी झिजले होते.

आता बघा, चूक कशी वाढत जाते. ऐकू आलं नाही की "नाही", आणि "नाही" म्हटलं की मी आणखी वर. वरून पडलो की आवाज मोठा, मग कधी तरी त्याला ऐकू येई. अशी माझी ये-जा एक्कावन्नच्या आसपास होऊ लागली. पुढे जिचा खरा आकडा तेहतीस निघाला, त्या रागीट पुडीला आमच्या वहीने एक्कावन्नची सोशिक ठरवलं. पंचवीसपैकी जवळजवळ प्रत्येक वेळी मला लाथ बसत होती, आणि निम्म्या फुल्या भलत्याच रकान्यात पडत होत्या. मला ओरडायचं होतं. पण पाच किलोचं पोलाद ओरडणार कसं?

कुतूहल भट्टीबाईंना वाटलं. त्यांच्या भट्टीत नवी पूड जुनीपेक्षा आठ अंश आधीच पेटत होती. त्या पेन्सिल चावत आमच्या खोलीत आल्या.

"काका, ही माझ्याकडे लवकर तापते आणि तुमच्याकडे इतकी शहाण्यासारखी वागते. पण का?"

"अगं, तापाला भिणारा माराला भिईलच असं कुठे लिहिलंय?" कानसेन म्हणाला. "असे किती तरी नग बघितलेत मी."

ते खरं होतं. बाईंनाही ते माहीत होतं. ताप आणि मार ही भावंडं खरी, पण जुळी नव्हेत. त्या गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या, आणि पुढच्या पंचवीस उड्यांत त्यांनी एकच काम केलं. कानसेन ऐरण पुसून जे कागद पाण्याच्या बादलीत टाकी, ते त्यांनी चिमट्याने काढून खिडकीत ओळीने मांडले.

"तुमच्या वहीत बारा वेळा फुटला," त्या म्हणाल्या. "इथे बावीस कागद काळे आहेत."

कानसेनने वही मिटली. "नुसतं करपलं म्हणजे फुटलं नव्हे. नियमात आवाज लिहिलाय, डाग नाही. तुझ्या भट्टीला कान आहेत का?"

"भट्टीला नाहीत, पण मला आहेत. काचेआड, स्टुलावरून, मला वाटतं मी दोन-तीनदा काही तरी..."

"वाटतं ना? वाटलेलं वहीत जात नाही."

बाईंनी चिमटा खाली ठेवला. चौतीस वर्षांच्या कानांसमोर त्यांचे कान म्हणजे कालचं पोर. शिवाय समोरच्या माणसाला मान खाली घालायला लावणारा प्रश्न विचारायचा कसा? त्यांनी तो त्याला विचारलाच नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि काकू दारात आल्या. कानसेन हात धुवायला गेलेला बघून बाईंनी हळूच विचारलं,

"काकू, काकांना नीट ऐकू येतं ना हो?"

"त्यांना?" काकू हसल्या. "सुई पडली तरी ऐकू येते. घरात मला मनातल्या मनात बोलायचीसुद्धा चोरी. का गं?"

"काही नाही. सहज."

काकूंचं हसू मला आवडलं नाही. माझ्या टिपणात ते हसू जांभईच्या शेजारी जाऊन बसलं.

आठवडाभरात घाईसाहेबांनी भिंतीवर कागद लावला: नव्या पुडीचा आकडा एक्कावन्न, सोमवारपासून नळ्या उघड्या टेबलावर. फक्त शनिवारी एक शेवटची पंचवीस उड्यांची फेरी आणि तिच्याखाली कानसेनची सही, एवढंच बाकी होतं.

शनिवारी भट्टीबाई सकाळपासून स्टुलावर होत्या. बारा उड्या झाल्या. दाबघरात टेबलं लावायचं काम चाललं होतं, म्हणून काकू त्या दिवशी घंटेच्या आधीच मोकळ्या झाल्या आणि येऊन कानसेनच्या मागे उभ्या राहिल्या. त्याला पत्ताच नव्हता. त्याने डोळे मिटले, मान कलती केली, दोरी ओढली. मी पडलो. लाथ बसली. टिच्च.

"फुटला," काकू म्हणाल्या.

कानसेनने "नाही फुटला"मध्ये फुली मारली.

काकूंनी वहीत डोकावून बघितलं. मग खांद्यावर हात ठेवला. "अहो, फुटला तो."

तो दचकून वळला. "तू कधी आलीस? कोण फुटला?"

"तुमचा नमुना. आत्ता. टिचकी वाजली."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"फुटलेलं मला चांगलं कळतं. दाबघरात दिवसभर आम्ही तेवढंच ऐकत बसतो, काही वाजू नये म्हणून." काकूंची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली. "हा एक्कावन्न... हा याच वहीतून निघालाय?"

भट्टीबाईंनी मान डोलावली.

"म्हणजे परवा मी ज्या टेबलावर बसणार, ते टेबल या फुल्यांवर उभं आहे?" त्या भट्टीबाईंकडे वळल्या. "त्या दिवशी मी खोटं बोलले गं तुझ्याशी. मला वाटलं, दोन वर्षं राहिलीत नोकरीची, निभावून जाईल. कोणाच्या लक्षात यायला नको. ते काय ऐकतात आणि त्याने काय ठरतं, हे मी कधी विचारलंच नाही."

कानसेन खाली बसला. तो दोरीचं टोक बोटाला गुंडाळू लागला.

"मग जेवणाची घंटा..." तो म्हणाला.

"तीन वर्षं झाली. ती वाजते आणि तुम्ही आपले कागद मोजत बसता."

"आणि मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही."

"तेही होतंच हो," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, चेहरे वाचण्यात मी स्वतःला तरबेज समजत होतो. तीन वर्षं ते दोघं रोज माझ्यासमोर उभे राहिले, आणि मला त्यातली एकच बाजू दिसली होती.

कानसेन उठला. "बोलू नका कोणी," तो म्हणाला. "आधी बघू." त्याने तिघांसाठी तीन चिठ्ठ्या फाडल्या. भट्टीबाईंनी मला चाळीसवर चढवून दोरी ओढायची, तिघांनी माझ्याकडे पाठ करायची, आणि प्रत्येकाने आपलं आपलं लिहायचं. दहा उड्या, एकाच उंचीवरून. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी त्याच्या कानांचीही तपासणी करत होतं, आणि तो स्वतःच करत होता. मी दर वेळी होता होईल तेवढा सरळ पडलो. माझ्या हातात तेवढंच होतं.

चिठ्ठ्या ऐरणीवर ठेवल्या. काकूंच्या चिठ्ठीवर सात. भट्टीबाईंच्या चिठ्ठीवर सात, अगदी तेच सात. कानसेनच्या चिठ्ठीवर दोन.

तेवढ्यात घाईसाहेब आले. एक पाय खोलीत, एक व्हरांड्यात. "झाली सही?"

"नाही," कानसेन म्हणाला. "माझ्याकडे आकडा नाही."

"आकडा नाही म्हणजे? कालपर्यंत एक्कावन्न होता की!"

"तो माझ्या कानांचा होता, साहेब. पुडीचा नव्हे."

"अहो, टेबलं लागली आहेत तिकडे! माल सोमवारी..." साहेब थांबले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच थांबले असतील. त्यांनी तीन चिठ्ठ्या बघितल्या, काळे कागद बघितले, मग काकूंकडे बघितलं. "तुम्ही दाबघरातल्या ना?"

"हो. पहिलं टेबल माझं."

घाईसाहेबांनी दुसराही पाय आत घेतला.

"एक जोखीम सांगतो," ते कानसेनला म्हणाले. "हे वर कळवलं, तर तुमच्या जुन्या सगळ्या वह्यांवर प्रश्न येतील. तुमच्यावरही येतील. विचार करून बोला."

"विचारच करतोय," कानसेन म्हणाला. "आत्तापर्यंत नुसतं ऐकत होतो."

त्याने पट्टी घेतली. वहीत खाडाखोड करायची नसते. त्याने नव्या पुडीच्या प्रत्येक पानावर एकच सरळ रेघ मारली, शेजारी सही केली आणि तारीख घातली. काकू शाई टिपायचा कागद देत होत्या. ते झाल्यावर त्याने नवं पान उघडलं. तिथे आधी छापलेले दोनच रकाने होते. त्याने पट्टीने तिसरा आखला आणि वर आपल्या जाड अक्षरात लिहिलं: "कळलं नाही."

लोक काय म्हणाले, तेही सांगतो, कारण ते मी सगळं ऐकलं. काही म्हणाले, बिचारा. काही म्हणाले, मग इतकी वर्षं पगार कसला घेतला? हजेरीच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "आता कानसेन नाही, नुसता सेन!" आणि स्वतःच हसला. ही कोटी महिनाभर चालली. कानसेनला ती निम्मीच ऐकू येई, एवढाच काय तो फायदा.

नवी पूड पुन्हा तपासली. या वेळी दोघांनी ऐकायचं आणि दोघांनी लिहायचं, आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तिसऱ्या रकान्यात फुली. आकडा तेहतीस आला. टेबलं उचलली गेली. काकू पुन्हा भिंतीमागे, लांब दांडा आणि आरसा घेऊन. एका नळीला चार मिनिटं. घाईसाहेब दर तासाला दाबघरात जात आणि एक शब्द न बोलता परत येत, असं ऐकलं. त्यांच्या दृष्टीने ती तपश्चर्याच होती.

मला मात्र त्यानंतर एक प्रश्न छळत राहिला. तिघांनी केलेलं ते सगळं खरंच गरजेचं होतं का? की आम्ही उगीचच एका माणसाचा मान घालवला? आकडा म्हणजे शेवटी शक्यता. तेहतिसाची पूडही हजार वेळा गप्प बसू शकते.

उत्तर तिसऱ्या महिन्यात आलं. दुपारी दाबघराकडून एक जाड आवाज झाला, इतका जाड की कानसेननेही मान वर केली. तो धावला. मी जागचा हलू शकत नाही. मी नुसता वाट बघत राहिलो. अर्ध्या तासाने दोघं आले. काकूंच्या केसांत चुना होता आणि चेहरा पांढराफटक. भिंतीच्या त्या बाजूला एक नळी पेटली होती. दांडा वाकला होता, आरशाच्या ठिकऱ्या झाल्या होत्या, भिंत काळी पडली होती. काकू या बाजूला होत्या. त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायल्या. कानसेन ते दोन्ही हात बघत उभा होता. एक एक बोट मोजत असावा. मीही मोजली. दहा.

पुढे माझ्या जागी नवं यंत्र आलं. त्याला आवाज टिपायचा डबा आहे आणि उजेड टिपायचा डोळाही. कानसेनने दोन वर्षं त्याच यंत्रावर नव्या माणसांना शिकवलं. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो आधी कानांत घालायची बोंडं देई, मगच दोरी. नव्या वह्यांत तीन रकाने छापून येऊ लागले. मला उचलून इथे व्हरांड्यात आणलं. पहिली काही वर्षं कोणी तरी धूळ पुसत असे. मग छत्री आली.

मित्रांनो, माझं काही मागणं नाही असं म्हणणं बरं दिसलं असतं, पण मी खोटं कशाला बोलू? मला तेल आवडतं. माझ्या उजव्या दांडीवर गंज चढतोय. कोणाला वेळ मिळाला तर बघा. आणि ज्या यंत्रांवर तुम्ही काम कराल, त्यांना जपा. ज्या माणसांच्या कानांवर, डोळ्यांवर, हातांवर तुमचं काम चालतं, त्यांना तर त्याहून जपा. वर्षातून एकदा तपासा, हसण्यावारी नेऊ नका. त्यांना अडखळताना पाहिलंत तर मायेपोटी झाकूनही ठेवू नका.

आणि एक. तुम्ही पुढे काहीही मोजाल, ताप म्हणा, पाऊस म्हणा, कोणाच्या छातीचे ठोके म्हणा. कधी तरी तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. तेव्हा घाईने "नाही" लिहू नका. ऐकू न येणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हात जरा थांबवा, बाजूच्याला विचारा, आणि त्यालाही सांगता आलं नाही तर पट्टी घेऊन तिसरी रेघ आखा. त्या रकान्यात फुली मारताना लाज वाटेल, ती वाटू द्या. त्याच वेळी भिंतीच्या पलीकडे कोणी तरी तुमच्या फुलीकडे बघून आपले हात कुठे ठेवायचे, ते ठरवत असेल.